होडीवाला घाबरला होता

शालिनीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात होते. मुलांना काहीच न सांगता व्हरांड्यात जाऊन उभी राहिले... नेऱ्याजवळच्या आमच्या या शाळेत मी नवी लागले, तेव्हा हा वर्ग बाईंचा होता.

त्या काळी आमची मुलं घडाघडा वाचायची. प्रश्नोत्तरं पाठ, निकाल चांगला. बाई मात्र एक परिच्छेद झाला की पुस्तकं मिटायला लावायच्या. "आता घरच्या बोलीत सांग, काय झालं?" मुलं सांगायची, अडायची, पुन्हा पुस्तक उघडून शोधायची. एका धड्याला आठवडा जाई. त्यात शाळेची तपासणी तोंडावर आली. "साहेबांसमोर वर्ग अडखळला, तर पुढच्या वर्षी चौथी तुमच्याकडे नाही," मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं. बाई "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी डबा न उघडताच परत नेला.

साहेब आले. होडीवाल्याचा धडा निघाला. पैलतीरावरच्या आजारी बाईला आणायला तो भर वादळात होडी सोडतो. साहेबांनी दर्शनाला उभं केलं. "होडीवाला कसा होता?" पाठ केलेलं उत्तर एका शब्दाचं होतं : धाडसी. दर्शना मिटल्या पुस्तकाकडे बघू लागली. मुख्याध्यापक नुसत्या ओठांनी 'धा... धा' करू लागले, तसा बाईंनी हात आडवा धरला.

"तिला विचार करू द्या, सर."

मी मागच्या बाकाशी उभी राहून बघत होते.

"घाबरला व्हता," दर्शना म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या कपाळावर आठी. "असं कुठं लिहिलंय?"

"लिवलेला नाय. पन दोरी सोडताना त्याचा हात दोनदा चुकला ना. रोजची गाठ ती त्याची." मग जरा थांबून, "तरी पन गेला."

साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं आणि ते पान पुन्हा वाचलं. सावकाश. "हे तुम्ही सांगितलं होतं हिला?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "मला सुचलंच नव्हतं."

शेऱ्यात साहेबांनी 'वाचनाचा वेग कमी' असं लिहिलंच. पण गाडीत बसताना मुख्याध्यापकांना म्हणाले, "ह्यांना चौथीच देत जा." निवृत्तीपर्यंत बाईंनी चौथीच शिकवली.

परवा त्यांच्या पनवेलच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान, आमचे काका, पेपर वाचत बसले होते. "ती मला बातमीच्या मथळ्यावरच अडवायची," ते म्हणाले. "खाली काय असेल ते आधी सांगा, म्हणायची. चाळीस वर्षं छळलं..." त्यांनी एक मथळा मोठ्यानं वाचला. थांबले. आपला अंदाज सांगितला, मग चष्मा सारखा करून बातमी शेवटपर्यंत वाचली.

"चुकलो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.