मल्लय्यांनी वळून पाहिलं नाही

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज बातमीऐवजी माझी फजिती लावतोय. सकाळचीच आहे.

आपल्या प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गातले विणकर मल्लय्या चार दिवस आले नव्हते. गेल्या खेपेला 'इथे तेलुगू बोलायचं नाही' असं मी त्यांना सर्वांसमोर दटावलं होतं. तोच राग असणार, म्हणून त्यांच्याकडे गेलो.

गल्लीभर सुताचा ताणा पसरलेला. मल्लय्या त्यावर कुंच्याने खळ फिरवत होते. दोनदा हाक मारली, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. माझं डोकंच फिरलं. त्यांचं नाव कमी करायचं ठरवून निघालो, तेवढ्यात त्यांच्या बायकोने अडवलं.

"मास्तर, जरा थांबा की. आता हात थांबला तर खळ वाळती, सूत चिकटतं. सगळं वाया जातं बगा."

मला हे ठाऊकच नव्हतं. मग तिथेच उभा राहिलो, तिला एकेक विचारत गेलो. काम संपल्यावर मल्लय्या हात धुऊन आले.

"रागावलात ना माझ्यावर?" मी विचारलं.

"राग कसला, मास्तर? शेजाऱ्याला ताप हुता, आज उतरला. सांजच्याला त्याचा माग मीच चालवत हुतो. उद्या येतो की."

जीव भांड्यात पडला. तेलुगूवरची बंदी तिथेच उठवली.

येताना आठवलं, मी गणित सोडवत असताना दारात कोणी आलं, तर मीही वळत नाही. त्याला मी शिस्त म्हणतो. त्यांच्या पाठीला मात्र राग म्हटलं.

तुम्ही कुणाची पाठ अशी चुकीची वाचलीय? खाली जागा सोडलीय, पेन्सिल दोऱ्याला बांधलीय.