अकरा उत्तरं, एकच मायना

"मॅडम, तुमच्या आखाडा बाळापूरच्या अकराही विद्यार्थ्यांचं वय बेचाळीस आहे," फोनवर सोनटक्के सर म्हणाले.

मी हिंगोली कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये भजी खात होते. सोनटक्के सर आमच्या कोर्सचे संयोजक, बसायचे विद्यापीठात. अत्यंत सरळ माणूस, पण पट्टीनं आखल्यासारखा.

"असेल योगायोग," मी म्हणाले.

"आणि अकराही जणांचा धंदा शेती? त्यात एक अंगणवाडी सेविका आहे, एक एसटीचा कंडक्टर आहे. सगळ्यांचा पहिला परिच्छेद शब्दाला शब्द सारखा, शेवटचाही. सगळं आलंय एकाच कॉम्प्युटरवरून. कोणीतरी एकानं बसून अकरा जणांचं लिहिलंय. मी सगळ्यांना शून्य देतोय. शुक्रवारपर्यंत तुमचा सहीचा रिपोर्ट पाठवा."

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. दिवसा मी वकिली करायचे आणि संध्याकाळी विद्यापीठाचा गुन्हेशास्त्राचा ऑनलाइन कोर्स शिकवायचे, पार्ट टाइम. ऑनलाइन म्हणजे आजच्यासारखे चेहरे दिसत नसत. विद्यापीठाच्या वेबसाइटवर एक पान होतं. मी तिथे धडा टाकायचा, विद्यार्थ्यांनी जवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन तो वाचायचा आणि उत्तरं चढवायची. वर्ष संपत आलं तरी बाळापूरच्या एकाचंही तोंड मी पाहिलं नव्हतं.

गुन्हेशास्त्र म्हणजे कायदा नव्हे. कायदा विचारतो, शिक्षा किती? गुन्हेशास्त्र विचारतं, माणसानं हे केलं कशासाठी, आणि भोवतालच्या लोकांनी पुढे त्याचं काय केलं? म्हणून मी असाइनमेंट दिली होती की तुमच्या गावातला एक छोटा गुन्हा आणि त्याचा निकाल कसा लागला, ते लिहा.

घरी येऊन मी उत्तरं उघडली. 'लिहून देणार अमुक तमुक, वय ४२ वर्षे, धंदा शेती, राहणार आखाडा बाळापूर, कारणे लिहून देतो की...' पहिलं तसं, दुसरं तसं, तिसरंही तसंच. माझं डोकंच फिरलं. चौथं उघडलंच नाही.

तेवढ्यात फोन आला. छाया कांबळे, तीच अंगणवाडी सेविका. शून्याची नोटीस वेबसाइटवर लागली होती.

"म्याडम, आमचं काय चुकलं?"

"ते तुम्हीच सांगा."

"मला खरंच कळून न्हाई राहिलं. ह्यो शेवटचा पेपर हाय माझा. पास झाले तं पदवी हाती येती, अन् पदवी आसंल तं पर्यवेक्षिकेचा अर्ज भरता येतो. पुढल्या वर्षी माझं वय बसत न्हाई त्यात."

पर्यवेक्षिका म्हणजे पंचवीस-तीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. छायाबाईंची उभी नोकरी एका खोलीत गेली होती. मला वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. "मी येते तिकडे," एवढंच म्हणून फोन ठेवला. जायचं होतं ते चांगलं खडसावायलाच.

दुसऱ्या दिवशी एसटीनं बाळापूर गाठलं. कॅफे म्हणजे पत्र्याचं दुकान. तीन कॉम्प्युटर, त्यातले दोन बंद. चालू असलेल्यावर पिकल्या दाढीचे मुनीरभाई टाइप करत होते. पूर्वी ते कळमनुरीला तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायचे. मराठी टायपिंग येणारा पंचक्रोशीत तो एकच माणूस. बाकावर सात-आठ जण बसले होते, आणि एक बाई उभं राहून सांगत होती. आवाजावरून ओळखलं, छायाबाई. शून्य मिळालंय, तर उत्तर पुन्हा लिहून पाठवून बघू, असं त्यांचं ठरलं होतं. मी दारातच थांबले.

"लिवा, मुनीरभाई. आमच्या अंगणवाडीतला लेकरं तोलायचा काटा चोरीला गेला. टांगायचा, पंचवीस किलोचा. चार दिवसांनी कळलं, नामदेवनं नेला. काहून नेला? तं त्याची हळद व्यापाऱ्याकडं कमी भरून राहिली व्हती. त्यो म्हनला, सरकारी काटा खोटं बोलत न्हाई. म्हनून पंचवीस पंचवीस किलोनं सगळी हळद घरी तोलली."

"चोर पकडायला चोरी!" बाकावरचा कंडक्टर म्हणाला आणि सगळे हसले. मलाही हसू फुटलं. चोरावर मोर म्हणतात तो हाच.

मी आत गेले. ओळख सांगितली तशी सगळी ताडकन उभी राहिली. मी मुनीरभाईंना विचारलं, "हे वय बेचाळीस, धंदा शेती कुठून आलं?"

"वो तो मायना है, म्याडम. कागद साहेबाकडं जानार तर वर मायना पायजे, खाली 'वरील मजकूर खरा आहे' पायजे. न्हाई तर साहेब कागद फेकून देतो. तीस साल लिखाण केलं, माझा एक अर्ज वापस न्हाई आला."

"पण सगळ्यांचं वय एकच?"

"मायना एकदाच टाइप केला, मग चिकटवत गेलो. नाव तेवढं बराबर बदललं." मग स्क्रीनकडे बघून ते जरा वरमले. "वय राहिलं वाटतं."

मी खुर्ची ओढली आणि अकराही उत्तरं मायन्याच्या खालून वाचली. कंडक्टरनं तिकीट न काढणाऱ्या एका मास्तरांबद्दल लिहिलं होतं, कुणी विहिरीच्या मोटारीबद्दल, कुणी कोंबडीबद्दल. एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. इतकी जिवंत उत्तरं मला शहरातल्या विद्यार्थ्यांकडूनही आली नव्हती. आनंद झाला आणि लाजही वाटली.

तिथूनच सोनटक्के सरांना फोन लावला.

"मॅडम, विद्यार्थ्यांची बाजू घेऊ नका," ते म्हणाले.

"बाजू नाही घेत, उलटतपासणी घ्या म्हणते. गुरुवारी दुपारी तीनला वेबकॅमवर या. एकेकाला त्याचं उत्तर विचारा. एक जरी अडखळला तर सगळ्यांना शून्य द्या, मी सही करते."

चारला लाइट जायची, म्हणून तीन. गुरुवारी सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले. चित्र थांबत थांबत दिसत होतं, पण आवाज नीट येत होता. दहा जण धडाधड बोलून गेले. छायाबाई शेवटी बसल्या. पदर तीनदा सारखा केला.

"निकाल काय लागला तुमच्या गुन्ह्याचा?" सरांनी विचारलं.

"पोलिसात न्हाई गेलो, सर. समदे बसलो अन् ठरवलं, सहा महिने लेकरांच्या वजनाच्या दिवशी नामदेवनंच यायचं, काटा टांगायचा, एक एक लेकरू झोळीत घालायचं."

"ही काय शिक्षा झाली?"

"त्याला चोर म्हनलं आसतं तं त्यो चोरच झाला आसता. म्याडमनं शिकिवलंय तसं, शिक्का बसला की मानूस तसंच वागाया लागतो. आता लेकरं त्याला काटेवाला मामा म्हनत्यात. सहा महिने कवाच सरले, तरी त्यो येतोच."

पलीकडे सर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. छायाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

मग सरांचा आवाज आला, "आणि त्या व्यापाऱ्याच्या काट्याचं काय झालं?"

"पोत्यामागं दोन किलो खात व्हता, सर! आता नवा घेतला त्यानं."

सोनटक्के सर हसले. खळखळून. वर्षभरात पहिल्यांदा.

अकरा जण पास झाले. छायाबाईंना वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. त्यांनी अर्ज मुदतीत भरला आणि पुढे त्या पर्यवेक्षिका झाल्या. ऑर्डर हाती आली त्या दिवशी त्या हिंगोलीला पेढे घेऊन आल्या आणि भर कोर्टात माझ्या गळ्यात पडल्या. माझा अशील सुटला की काय, असं आजूबाजूच्यांना वाटलं.

तेव्हा मला आरोपींची वकिली करून वीस वर्षं झाली होती. संपूर्ण पुरावा वाचल्याशिवाय कुणाला दोषी धरू नका, हे मी कोर्टाला रोज हात जोडून सांगायचे. स्वतः न्यायाधीश व्हायची वेळ आली, तेव्हा मी चौथं उत्तर उघडलंही नव्हतं.