फ्रिजचा कार्यभार

मी जिल्हा सांभाळायच्या तयारीत होते आणि त्या तयारीत माझ्या हातून एक फ्रिज गेला. (फ्रिज शाबूत आहे. गेलं ते आतलं.)

करोल बागेत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी राहतो: मी, माझी मावसबहीण केतकी आणि उदगीरची रुबीना. तिघीही स्पर्धा परीक्षेवाल्या. जेवणाचा डबा लावलेला आहे, पण त्या डब्यात रोज तीच पिवळी डाळ असते. त्यामुळे आमचा खरा जीव परभणीहून येणाऱ्या आईच्या पिशवीत अडकलेला. आई शाळेत शिकवते. परभणीहून दिल्लीला कुणीही निघालं, अगदी शेजाऱ्यांच्या जावयाचा भाऊ का असेना, आईला त्याचा पत्ता लागतो. मग तो बिचारा स्वतःची बॅग पाठीवर आणि आमचे धपाटे पोटाशी धरून नवी दिल्ली स्टेशनवर उतरतो.

गेल्या हिवाळ्यात आई आली आणि तिनं सहज फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यातून तिचेच डबे एकामागून एक निघाले. पुरणपोळ्यांना लव फुटलेली. उसळीचा रंग तर असा, की ती कशाची होती हे ती करणाऱ्या आईलाही ओळखता आलं नाही. ती नुसती डबे घासत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी सुटताना मात्र खिडकीतून म्हणाली, "मीनू, शाळेच्या आधी उठून करते गं मी हे. पुन्हा असं नासलेलं दिसलं, तर एक लाडूसुद्धा पाठवणार नाही."

आई म्हणते ते करते. तिच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारा.

आणि मे महिन्यात फोन आला: शनिवारी सकाळी पोचते, सुट्टी आहे. त्याच आठवड्यात तिची पिशवीही येऊन पडलेली. आटवलेला आमरस, धपाटे, मटकीची उसळ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू. शनिवारी यातलं काहीही खराब निघालं, की आमची रसद कायमची बंद!

साध्या माणसांनी काय केलं असतं? भराभर खाऊन टाकलं असतं. आम्ही समिती नेमली.

गुरुवारी दुपारी बैठक झाली. अध्यक्ष मी, कारण पिशवी माझ्या आईची. दोन तास चर्चा होऊन धोरण ठरलं. फ्रिजचे चार विभाग. प्रत्येक डब्यावर तारीख, वस्तू आणि प्रभारी अधिकाऱ्याचं नाव. सतत दार उघडल्यानं थंडावा जातो, म्हणून पाण्याच्या बाटल्या हद्दपार, पाणी माठातलं. आणि माझं सगळ्यात लाडकं कलम: नोंदवहीत वेळ व कारण लिहून, अध्यक्षांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुणीही दार उघडायचं नाही.

"यार मीनू, रस खायला अर्ज करायचा?" केतकीनं विचारलं.

"बिल्कुल," मी म्हणाले.

मग आम्ही फ्रिज बंद करून बर्फ वितळवला, सोड्यानं आतून पुसला, डबे मापानं मांडले. आतला दिवा वर्षापूर्वीच गेलेला, म्हणून ही सगळी मांडणी मोबाईलच्या उजेडात केली. दारावर रंगीत तक्ता चिकटवला. केतकीच्या केसांच्या रिबिनीची फीत करून मी ती कापली, फोटो काढले. एरवी आमचा फ्रिज ट्रॅक्टरसारखा धडधडतो. त्या संध्याकाळी तो गप्प होता.

"किती शांत झालाय गं," रुबीना म्हणाली.

मांडणी नीट असली की यंत्रावरचा ताण कमी होतो, असं मी तिला समजावून सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. (उत्तरपत्रिकेत कुठेतरी घालता येईल म्हणून.)

शुक्रवारी मी सकाळी आठ ते रात्री आठ लायब्ररीत होते. दुपारी केतकीचा फोन आला, वाटीभर रस हवाय. मी म्हटलं, अर्ज नोंदवहीत ठेव, आल्यावर बघते. तिनं फोन आपटला आणि खाली जाऊन छोले-कुलचे खाल्ले. रुबीनानंही तेच केलं. दिवसभरात एकदाही दार उघडलं गेलं नाही आणि धोरण शंभर टक्के यशस्वी झाल्याचं मी झोपताना जाहीर केलं.

शनिवारी आई आली. हातपाय धुऊन पदराला हात पुसत थेट फ्रिजपुढे उभी राहिली. चष्मा लावून तिनं तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.

"हे तू केलंस?" तिचा आवाज भरून आला होता. मला इतका आनंद झाला, की निकाल लागल्यावरही होईल की नाही कुणास ठाऊक. मी रुबाबात म्हटलं, उघड आई, तुला नोंदवहीतून विशेष सूट.

तिनं दार उघडलं. आतही मे महिना होता.

आधी वास आला. मग उसळीच्या डब्याचं झाकण हळूच वर सरकताना दिसलं, खालून फेस येत होता. आमरसानं फुस्स असा आवाज केला. धपाट्यांचं एकच जाड धपाटं झालं होतं. आईनं वाकून फ्रिजच्या मागे पाहिलं, भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. बर्फ वितळवायला बंद केलेलं बटण दोन दिवस तसंच होतं.

केतकी आणि रुबीना दोघी आतल्या खोलीत अभ्यासाला पळाल्या. मी एकटी उरले. माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"आई, मागच्या वेळी आळसानं नासलं होतं. या वेळी खूप कष्ट घेऊन नासवलंय गं."

आई तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी. रस सिंकमध्ये ओतताना तेवढा तिचा चेहरा उतरला, तो मला अजून आठवतो. ठेचा, चटणी, लाडू मात्र टुणटुणीत होते. "यांना फ्रिज लागतो कुठं?" असं म्हणत तिनं ते फडताळात ठेवले. म्हणजे टिकणाऱ्या वस्तूंना मी संरक्षण दिलं होतं आणि नासणाऱ्यांना नियम. जाण्याआधी तिनं एवढंच शिकवलं, की जुनं पुढे ठेवायचं, नवं मागे, आणि भूक लागली की दार उघडून खायचं.

स्टेशनवर मी हळूच विचारलं, पाठवशील ना? ती गाडीत चढून खिडकीशी बसली आणि गाडी सुटली. तीन आठवडे माझा जीव टांगणीला होता.

मग एक दिवस कुणाचा तरी मेहुणा पिशवी पोटाशी धरून जिना चढला. सगळ्यात वर कागद होता, फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात: "आधी बटण. मग डबे. खाली सही करून फोटो पाठवणे."

फोटो पाठवला. सही रुबीनाची आहे. जिल्ह्यासाठी माझा अभ्यास जोरात चालू आहे. तूर्तास फ्रिजच्या बटणाचा कार्यभार माझ्याकडून काढून घेण्यात आला आहे.