सुंदरामावशी उसात काय बोलली

माझी मावशी सुंदरा हळू बोलते तेव्हा सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या गल्लीतला भाजीवाला थांबतो. नेहमीसारखी बोलते तेव्हा शेजारच्या गल्लीतलाही थांबतो. यात तिचा दोष नाही. तिचे यजमान, आमचे चिंधाकाका, चौतीस वर्षं लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. ज्या कारखान्यात ऐंशी लूम एकदम खडखडतात तिथून माणूस पगार घेऊन येतो आणि कान ठेवून येतो. त्यांच्या मुलाने, चेतनने, कानाचं मशीन आणून दिलं. काकांनी ते एक दिवस लावलं, डोक्यात पुन्हा कारखाना सुरू झाला म्हणाले, आणि कपाटात टाकून दिलं. तेव्हापासून मावशीच्या डाळीत मीठ कमी पडलं तरी ते सगळ्या गल्लीला कळतं.

अशा बाईने एक वाक्य आठ महिने पोटात ठेवलं होतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

झालं असं की काका कामावरून मोकळे झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की आता पारोळ्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहायचं. विचारलं कोणालाच नाही. गावी त्यांचा धाकटा भाऊ गजेंद्र घर दुरुस्त करायला लागला. पत्रे बदलले, नवा दरवाजा आला. इकडे मावशीच्या पुढच्या खोलीत रोज सहा बाया साड्यांना लेस लावायला बसतात. शहरातल्या पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांकडून काम मावशीनेच मिळवलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला रस्ता ओलांडता येत नव्हता, आणि आज ती व्यापाऱ्याला गुजरातीत सुनावते की तुमची लेस वाकडी आहे, परत न्या.

गावी जायचं नाही हे तिने मला सांगितलं. मी म्हटलं, काकांना सांग. ती माझ्यावरच उखडली. "सांगू कसं, नूतन? घरात बोलले तर आख्ख्या डिंडोलीले ऐकू जाईल, चिंध्याची बायको त्याला नाही म्हणते म्हणून. तो मानूस शेठसमोर कधी वाकला नाही."

खुणांनी सांगता आलं नसतं का? लूमवाल्यांकडे खुणा आहेत: धागा तुटला, चहा आला, शेठ आला. पण 'मला इथंच राहायचंय आणि का ते ऐका' याला खूण नाही. मावशी शाळेत गेलेली नाही, त्यामुळे चिठ्ठीचाही प्रश्न नव्हता. मी मध्यस्थी करते म्हटलं तर म्हणाली, नवरा-बायकोत तिसरा कशाला. दरवाजाला रंग लागल्याचा फोटो गावाहून आला त्या दिवशी मावशी जेवली नाही.

याच सुमारास चेतनच्या डोक्यात सुट्टी शिरली. बारडोलीच्या पुढे शेतात एक कौलारू कॉटेज आहे, तिथे राहायचं आणि पायी हिंडायचं, असं त्याने मोबाइलवर पाहिलं आणि आई-बापासाठी तीन दिवस ठरवूनही टाकले. त्याला स्वतःला रजा मिळाली नाही, म्हणून मला जुंपलं. मी शाळेत शिकवते. संक्रांतीच्या सुट्ट्यांत मला झोपायचं होतं.

आम्हा सुरतेतल्या खानदेशी लोकांना सुट्टी म्हणजे गाव, लग्न नाहीतर मयत. नातेवाईक नसलेल्या ठिकाणी आम्ही जातच नाही. मावशीने पहिला प्रश्न विचारला, तिथे आपलं कोण आहे? कोणी नाही म्हटल्यावर दुसरा, मग जायचं कोणाकडे? शेवटी तिने आपल्या मनाने ठरवलं की कॉटेजवाल्या रंजनाबेनकडे पाहुणे म्हणून जायचं. कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा, दोन गोधड्या, सगळं बांधून घेतलं. पोचल्या पोचल्या तिने रंजनाबेनना पाटावर बसवलं आणि नारळ-ब्लाउजपीस देऊन त्यांची ओटी भरली. भाडं भरून राहायला आलेल्या गिऱ्हाइकाने असं कधी केलं नसणार. त्या बिचाऱ्या ओटी घेऊन तशाच बसून राहिल्या, आणि मग आम्हाला तिन्ही दिवस पोंक, म्हणजे तिकडचा हुरडा, पोटभर मिळाला.

काकांचं चालणं त्याहून गमतीचं. पहिल्या संध्याकाळी आम्ही बांधावर निघालो. काका बावीस पावलं गेले, वळले आणि परत आले. पुन्हा बावीस पावलं, पुन्हा वळले. लूमच्या दोन ओळींमधली गल्ली तेवढीच लांब. चौतीस वर्षं ते त्या गल्लीत चालले होते. पुढे रस्ता आहे हे पायांना पटत नव्हतं. मी हसले खरी, पण मला वाईटही वाटलं. मावशीने त्यांचं मनगट धरलं आणि तेविसावं पाऊल टाकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी रंजनाबेननी कागदावर रस्ता काढून दिला: उसातून कालव्यापर्यंत आणि परत. दहाच्या सुमारास आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून गाडीवाट. काका पुढे, मावशी मध्ये, मी मागे चपलेतले खडे काढत. आता काका वळत नव्हते, सरळ चालले होते, आणि मला घरी जायचं होतं.

अर्ध्या वाटेवर मावशी थांबली. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, उसात वाकून पाहिलं. माणूस नाही, घर नाही, खिडकी नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं आता काय होणार आहे.

"ओ चेतनना बाप," ती ओरडली, आणि काका वळले. "माले गावले जावानं नही. माले आठे सुरतमाच ऱ्हावानं शे. मन्या बाया आठे शेतस, मनं काम आठे शे. तुम्हीबी जाऊ नका."

आठ महिने साठलेलं ते, आवाजाला काय कमी. कालव्यावरचे बगळे उडाले. आणि डाव्या हाताचा ऊस सळसळला.

उसातून कोयते घेतलेली माणसं उभी राहिली. एक, दोन, चार, पुरती अकरा. आडोशाला भाकरी खायला बसलेली तोडणीची टोळी. तोडणीला इकडे खानदेशातून टोळ्या येतात हे मला ठाऊक होतं, पण वेळेवर आठवेल तर ती अक्कल कसली. त्यांच्यातली एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "आमले बी आयकू उनं, बाई." गमतीने नाही म्हणाली, सांगायचं म्हणून सांगितलं.

ज्या एका गोष्टीच्या भीतीने मावशीने तोंड शिवून घेतलं होतं तीच झाली होती, तीही गावाकडच्या अकरा माणसांसमोर. ती वाटेवरच मटकन बसली. मला वाटलं, आता काका काही न बोलता कॉटेजवर जातील आणि बॅग भरतील.

काका आले आणि तिच्याशेजारी धुळीत बसले. इतके दिवस का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. लोक ऐकतील म्हणून, असं मावशी म्हणाली, म्हणजे ओरडली. काकांनी त्या टोळीकडे पाहिलं, टोळीने काकांकडे. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "लूम सुटनं, सुंदरा. आठे मी करू काय?"

मला तोवर वाटत होतं काकांना गावाची ओढ आहे. ओढ कसली, भीती होती. सुरतेत काम नसलेला माणूस त्यांनी आयुष्यभर नाक्यावर बसलेला पाहिला होता.

मावशीला यावर विचार करावा लागला नाही. तिच्या बायांना साड्यांचे गठ्ठे आणून देणारं कोणी नव्हतं, आणि कापडातला तुटका धागा हाताभरावरून ओळखणारं तर गल्लीतच कोणी नव्हतं. तिने ते सांगितलं, पुन्हा सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं. टोळीतल्या बाया मान हलवत होत्या.

काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्याकडे दिला, गजेंद्रला लाव म्हणून. लागल्यावर फोन हातात घेऊन ते उभे राहिले. ऐकू न येणारा माणूस फोनवर जसा बोलतो तसेच ते बोलले, अकरा जणांसमोर, ताठ मानेने.

"गजेंद्र, ते घर तुन्या पोरले वापराले दे. आम्ही नही येवाव. सुंदरा नही म्हनस." मग मावशीकडे बघून, त्याहून मोठ्याने, "आनि मीबी नही म्हनस."