रातकिडे गप्प होतात तेव्हा

पालीची माया कुणाला येते हो? चुकचुकली तर जमिनीवर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं, अंगावर पडली तर डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि एरवी झाडू उगारायचा. दुर्गाही त्यातलीच. शहाद्याकडची बाई. नवरा झिपरू धाग्याच्या कंपनीत लागला म्हणून सिल्वासात आली आणि तिथल्या आमली भागात एका खोलीत तिने संसार मांडला. अशा बाईच्या घरात, देवाच्या फळीखाली, काचेच्या पेटीत पाल. आणि बाई तिला रोज हाताने वाढते. शेजारणी आधी पदराआड हसायच्या. आता हसत नाहीत. पाल कुणाची, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

पाल आणली गोकुळने, तिच्या एकुलत्या एका मुलाने. गल्लीच्या तोंडाशी रजनीबाई राहतात, सरकारी शाळेत विज्ञान शिकवतात, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांना या ठिपकेवाल्या पाली पाळायचा नाद. नाद म्हणजे नादच, त्याला कारण विचारू नये. गोकुळ त्यांचा पंखा दुरुस्त करायला गेला आणि येताना डबीत पिल्लू घेऊन आला. पिवळं अंग, काळे ठिपके, जाडजूड शेपटी.

"माय, हा भिंतीवर चढत नाही. याचं नाव बिबट्या," तो म्हणाला. "लोक वासोण्याच्या सफारीत तिकीट काढून सिंह बघतात. आपल्याकडे बिबट्या फुकट."

फुकट कसला. बिबट्याला लागायचे जिवंत किडे. गोकुळने आधी कोंड्यात पिवळ्या अळ्या पाळल्या. दुर्गाने कोंड्याचा डबा बघितला, आत किडे वळवळताना दिसले, आणि सवयीने, गव्हात घालतो तसा, मूठभर कडुनिंबाचा पाला आत घालून झाकण लावलं. धान्य नासू नये ही जन्माची शिकवण. अळ्या सगळ्या मेल्या. पोरगा पोट धरून हसला. "माय, इथं किडेच पिकवायचे आहेत," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी वापीहून रातकिडे घेऊन आला.

रातकिड्यांचा एक टब झाला. आत अंड्यांचे पुठ्ठे, वरून जाळी, पाण्याऐवजी गाजराचे काप, कारण पाण्यात ते बुडून मरतात. आज किड्यांना चांगलं खाऊ घालायचं, उद्या ते बिबट्याला द्यायचे; उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. देण्याआधी पिशवीत घालून कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. आणि पालीच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. हे सगळं गोकुळ आईला सांगायचा आणि आई भाकऱ्या थापत 'हं, हं' करायची. तेव्हा ऐकलं नाही असं तिला वाटायचं. पण सगळं ऐकलं होतं.

नर रातकिडे सांज झाली की जे सुरू व्हायचे, ते खोली भरून टाकायचे. पण पावलाची चाहूल लागली की एकदम गप्प. दिवेलागण उलटली की कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, बापाच्याच कंपनीत दिवसपाळी करून गोकुळ उतरून यायचा, आणि तो दारात दिसायच्या आधीच टब मुका व्हायचा.

"बघ माय, मी आलो ते यांना तुझ्याआधी कळतं," तो म्हणायचा.

मग एका दिवशी त्याने बस सोडली आणि दोस्ताच्या मोटरसायकलवर मागे बसला. अथालच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. दोस्त वाचला. गोकुळचं ताट इकडे झाकून ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं.

तेरावं झालं. गावची माणसं शहाद्याला परत गेली. झिपरूने रात्रपाळी मागून घेतली, कारण त्याला संध्याकाळनंतर ती खोली सोसत नव्हती. आणि दुर्गा एकटी बसली असताना, दिवेलागण उलटल्यावर, रातकिडे गप्प झाले.

तिने दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं. बाहेर कुणी नव्हतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण भीती वाटली असं नाही हो. भीती कसली, पोटचं पोर ते. थोड्या वेळाने एक रातकिडा बोलला, मग दुसरा, मग सगळे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने ताट वाढून झाकून ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बसली. टब मुका झाला तशी हळूच म्हणाली, "आला का? हातपाय धू."

तेव्हापासून हा नेमच झाला. संध्याकाळी ताट वाढायचं, वाट बघायची, टब गप्प झाला की मनातल्या मनात दोन शब्द बोलायचे. सकाळी ते अन्न गाईला. स्वतः ती रात्री जेवायचीच नाही. झिपरू कामावर जायला त्याच बसची वाट बघत कोपऱ्यावर उभा असायचा. दिवसपाळीची पोरं उतरताना तो तिकडे पाठ करायचा. त्याने एकदा भीत भीत सांगितलं, "दुर्गे, बस थांबते ना, तिचा धक्का लागतो जमिनीला. म्हणून किडे गप्प होतात." दुर्गाने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो विषय त्याने परत काढला नाही.

खोटं कशाला बोला, तिलाही ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आत पोचणं वेगळं.

बिबट्याला मात्र तिने कधी उपाशी ठेवलं नाही. आकार बघून, पुडीत घोळवून, ओंजळभर रातकिडे पेटीत सोडायची आणि झाकण लावायची. रजनीबाई एका रविवारी बघायला आल्या, चष्मा लावून पेटीजवळ वाकल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. बिबट्याची बोटं कुरतडलेली होती. डोळ्याच्या कडेलाही जखम होती.

"दुर्गाताई, उरलेले किडे तुम्ही काढून घेत नाही का? रात्रभर आत राहिले की रातकिडे उलट त्यालाच चावतात."

"वाढलेलं ताट समोरून कसं उचलू, बाई?" दुर्गा म्हणाली. "तो मागून जेवेल म्हणून ठेवते. जेवणाऱ्याच्या पुढचं उचलू नये."

रजनीबाईंची नजर चुलीशेजारच्या झाकल्या ताटाकडे गेली. मग त्यांनी जखमा धुऊन मलम लावलं आणि म्हणाल्या, "उचलवत नसेल तर आपण अन्नच बदलू. पिवळ्या अळ्या द्या. गुळगुळीत वाटीत ठेवल्या तर त्या बाहेर येत नाहीत, त्रासही देत नाहीत. वाटी आत राहिली तरी चालेल. पण रातकिड्यांचा टब या खोलीतून हलवायला हवा. एक तर ते जाळीतून सुटून पेटीत शिरतात. आणि शेजारी पंगत बसलेली असताना शिळी भाकर कोण खाईल? त्यांचा आवाज येतोय तोवर हा अळ्यांना तोंड लावायचा नाही. टब मी घेऊन जाते."

"उद्या मीच आणून देते," दुर्गा म्हणाली.

उद्याचा परवा झाला. बाईंनी दिलेल्या अळ्यांची वाटी पेटीत गेली, टब मात्र जागचा हलला नाही. बिबट्या दगडाखालून तोंड काढायचा, वाटीकडे बघायचा सुद्धा नाही, टबाच्या दिशेने मान वळवून बसायचा. पालीची शेपटी म्हणजे तिचं कोठार. सगळी चरबी तिथं. ते कोठार रिकामं होत चाललेलं दुर्गाला रोज दिसत होतं. रजनीबाई रस्त्यात भेटल्या तर ती दुसऱ्या बाजूने जायची. आवाज गेला तर गप्प कोण होणार? गप्प कुणी झालंच नाही, तर पोर आलं हे कळणार कसं?

एका दुपारी पेटी पुसायला तिने बिबट्याला तळहातावर घेतलं. तो धडपडला नाही. गोकुळ घ्यायचा तेव्हा हातावर वजन जाणवायचं; आता वाळकी चिंच धरल्यासारखं वाटलं. शेपटी सुतळीएवढी झाली होती. जखमेच्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता.

दुर्गा खाली बसली आणि तिला रडू कोसळलं. तेराव्यापासून ती अशी रडली नव्हती. "जो येणार नाही त्याच्यापायी जो आहे त्याले उपाशी मारू राहिली मी," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. तिने बिबट्याला आत ठेवलं, टब डोक्यावर घेतला आणि भर उन्हात रजनीबाईंच्या दारात नेऊन उतरवला. बाईंनी चहा विचारला. ती थांबली नाही.

संध्याकाळ झाली. झिपरू डबा घेऊन कोपऱ्यावर गेला. दुर्गाने ताट वाढलं, झाकलं, आणि दाराकडे तोंड करून बसली. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता.

मग तिला बस ऐकू आली. इतके दिवस तिचे कान रातकिड्यांकडेच लागलेले असायचे, बस कधी ऐकूच आली नव्हती. ब्रेक लागला. दार उघडलं. पोरं उतरली, कुणीतरी कुणाला शिवी देऊन हसलं. पावलं गल्लीत शिरली. एक जोडी पहिल्या दारात थांबली, एक पलीकडच्या. कुणाच्या तरी आईने विचारलं, "आज उशीर का रे?" एक जोडी अगदी दुर्गाच्या दारापर्यंत आली आणि न थांबता पुढे गेली. मग गल्लीत कुणाचंच पाऊल उरलं नाही.

पेटीत खुट्ट वाजलं. बिबट्या दगडाखालून निघून वाटीपाशी आला होता. मान वाकडी करून त्याने बराच वेळ बघितलं, आणि एक अळी उचलली. मग दुसरी.

दुर्गाने ते बघितलं. उठून तिने दार लोटलं, चुलीजवळ येऊन ताटावरचं झाकण काढलं आणि ते ताट आपल्यासमोर ओढून घेतलं. भाकर गार झाली होती. तिने ती सगळी खाल्ली.