हुकूम आणि पत्ता

आमच्या रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. पन्नाशी उलटल्यावर त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या, तेही सुनेकडून. सून कामावरून आली की मावशी चहाचा कप पुढे करून म्हणायच्या, "एकच शंका आहे गं." ती एक शंका जेवणाची ताटं वाढेपर्यंत चाले.

त्यांचा पहिला प्रोग्रॅम सकाळची गाणी आपोआप लावायचा. 'ओल्ड' आणि 'न्यू' अशा दोन फोल्डरांतून आलटून-पालटून गाणी घ्यायची, आणि एक फोल्डर सापडलं नाही तर न कुरकुरता दुसऱ्यातून घ्यायची. मावशी जाम खूश होत्या.

मग एक दिवस कोपऱ्यावरचे शिंपी आले. त्यांचं पहिलंवहिलं गाणं नुकतंच आमच्याकडे रेकॉर्ड झालं होतं.

"मावशी, रोज सकाळी सगळं घर रेडिओला कान लावून बसतंय. गाणं काही लागत नाही. मेहुण्याला वाटतंय, मी थापा मारतोय."

मावशींनी पाहिलं, तर खरंच सगळी जुनीच गाणी वाजत होती. त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, प्रोग्रॅम कुठला पत्ता शोधतोय तो स्क्रीनवर छापून बघा."

छापला, तर पत्ता मध्येच तुटला होता. वरच्या ओळीत ड्राइव्हचं नाव, आणि खाली 'न्यू'तला एन गायब होऊन उरलेली दोन अक्षरं.

"फोल्डरच्या नावाआधी उलटी तिरकी रेघ आहे ना, तिच्यामागून एन आला की कॉम्प्युटरला तो हुकूम वाटतो, नवी ओळ सुरू कर असा."

"मग 'ओल्ड' कसं चाललं?"

"ओचा तसा हुकूम नाही, म्हणून निभावलं. रेघ दोनदा द्या, म्हणजे ती साधी रेघ आहे हे त्याला कळेल. नाहीतर पत्ता जोडायचं काम प्रोग्रॅमवरच सोपवा, ते जास्त बरं."

"म्हणजे मी पत्ता सांगतेय आणि हा हुकूम ऐकतोय. तुझ्या सासऱ्यांच्या नेमकं उलट. त्यांना हुकूम सोडला तरी ते गप्पा समजतात."

पलीकडे सून हसत सुटली. मावशींनी पत्ता जोडण्याचं काम प्रोग्रॅमला दिलं, आणि फोल्डर सापडलं नाही तर गप्प न बसता तसं सांगायलाही शिकवलं.

दुसऱ्या सकाळी शिंप्यांचं गाणं लागलं. ते संपतं न संपतं तोच केंद्रातला फोन वाजला. शिंपीच होते. मागे घरची मंडळी एकदम कलकलत होती. मावशींनी फोन कानाला तसाच धरला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.