धाग्याचा हात

डॉक्टर झ्लातिनाबाई शिकवताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहत. स्लिवेनच्या इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब बाळांवर फिरवत, आणि बाई मागे उभ्या राहून आपलीच बोटं पिळत. प्रोब कुणाच्या हातून काढून घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा काढून घेतला की त्या पोराचा हात कायमचा बिचकतो, असं त्यांचं म्हणणं. पण नेम पाळताना त्यांचाच जीव टांगणीला लागे. घरी गेल्या की नवरा विचारी, "शिकवून आलीस की भांडून?"

प्रोबच्या एका कडेला खूण असते. ती बाळाच्या उजवीकडे ठेवायची. उलटी धरली की पडद्यावर उजव्याचं डावं होतं, आणि घाबरलेली शिकाऊ पोरं नेमकं हेच विसरत. म्हणून बाईंनी यंदा एक युक्ती काढली. मार्च लागला की वॉर्डातल्या प्रत्येक बाळाच्या मनगटावर मार्टेनित्साचा लाल-पांढरा धागा येतोच; लहान-मोठे सगळेच तो शुभ म्हणून वसंताचा पहिला करकोचा दिसेपर्यंत हातात ठेवतात. बाईंनी नर्सना सांगून तो दाखल करतानाच सगळ्या बाळांच्या उजव्याच हाताला बांधायला लावला. "धाग्याचा हात उजवा. खूण तिकडे. संपलं!" पोरं खूश, आणि बाई तर स्वतःवरच बेहद्द खूश.

त्या सकाळी बिल्यानाला आणलं. तान्ही पोर, धाप लागलेली, ओठ निळे. छातीत पाणी साचलं होतं, पण कुठल्या बाजूला ते तिच्या रडण्यात स्टेथोस्कोपने कळेना. एक्स-रेपर्यंत नेईतो ती तग धरील याची कुणाला खात्री नव्हती. सर्जन सुई घेऊन तयार होते. ओग्न्यान हा सगळ्यांत बुजरा शिकाऊ डॉक्टर. त्याने प्रोब बरगड्यांखाली मधोमध टेकवला. तिथून दोन्ही बाजू एकदम दिसतात.

"पाणी डावीकडे," तो म्हणाला.

सर्जन डावीकडे वळले.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. लिव्हर भलत्याच बाजूला दिसत होतं. पाठीमागचे हात सुटले. प्रोब हिसकावून घ्यावा, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

"सर, थांबा जरा," त्या सर्जनना म्हणाल्या. मग, "ओग्न्यान, लिव्हर कुठंय?"

"हे काय मॅडम, डावी..." तो थांबला. चेहरा पांढराफटक पडला. मोकळ्या हाताने त्याने बाळाचं पोट चाचपलं. लिव्हर उजवीकडे होतं, जिथे असायला हवं तिथेच. त्याने प्रोब फिरवला, मग उजव्या बरगड्यांवर ठेवून पुन्हा पाहिलं. पडद्यावर काळंभोर पाणी.

"उजवीकडे आहे."

"नक्की? की छापा-काटा करू?" सर्जन खेकसले.

"नक्की, सर." बाईंकडे न बघता तो म्हणाला.

सुई गेली, पाणी आलं. हळूहळू बिल्यानाचे ओठ गुलाबी झाले आणि तिने असा टाहो फोडला की सगळ्यांना हायसं वाटलं.

"मॅडम, मी खूण धाग्याकडेच धरली होती," ओग्न्यान रडवेला झाला होता. "तुम्हीच म्हणाला होतात."

बाईंनी पाहिलं. धागा डाव्या मनगटावर होता.

"खाली दाखल करताना नर्सनी उजव्या हाताला सलाइन लावलं ना," दाराशी उभी असलेली बिल्यानाची आजी घाबरून म्हणाली. "धागा काढून माझ्या हातात दिला. पोरीला तसंच कसं ठेवू? म्हणून मी या हाताला बांधला. चुकलं का हो माझं?"

"तुमचं नाही, आजी. याचंही नाही. माझं चुकलं," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं होतं. त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा धागा सोडायला घेतला.

"अगं बाई, हे काय!" आजी धावली. "करकोचा दिसल्याशिवाय सोडतात का कुणी?"

"मला दिसला," बाई म्हणाल्या.

खिडकीबाहेर अजून बर्फ पडत होता.